पट्टकादंब आणि पातेलं

थंडी पडू लागली की हैदराबादेत जुन्या शिकारीच्या गोष्टी निघतात. काचीगुडा, सुलतान बाजार भागातल्या मराठी घरांत त्या आजोबांच्या नावावर असतात, जुन्या शहरात कुठल्यातरी नवाबाच्या. तळं, पहाट, धुकं, एका बारात पडलेले तीन ‘काज’, म्हणजे रानहंस, आणि त्यांचं सालन. बंदूक कुठल्या कंपनीची, छर्रा किती नंबरचा, सगळं पाठ असतं. सालन कसं केलं होतं, एवढं विचारलं की गोष्ट अडखळते. दख्खनमधल्या रानहंसाच्या खाण्याचा आढावा घ्यायचा तर या अडखळण्यापासूनच सुरुवात करावी लागते. माझं मत असं, की हा पक्षी इथे बंदुकीचा होता, चुलीचा फारसा नव्हताच.

आपल्याकडे येणारा मुख्य रानहंस म्हणजे पट्टकादंब. करडं अंग, पांढरं डोकं आणि डोक्यामागे दोन काळे आडवे पट्टे, चोच आणि पाय पिवळट नारिंगी. तिबेट, चिंघाय, मंगोलिया या भागांत अंडी घालायची आणि थंडीत हिमालय ओलांडून इकडे यायचं, हा त्याचा क्रम. उपग्रहाशी जोडलेली यंत्रं बसवून त्याची उड्डाणं मोजली, तेव्हा एकाची नोंद ७,२९० मीटरवर झाली. तेलंगणात तो मांजरा आणि सिंगूरच्या पाण्यावर दिसतो, महाराष्ट्रात जायकवाडी, उजनी, नांदूरमध्यमेश्वर इथे. जायकवाडीचं पैठण १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच होतं, त्यामुळे तिथला पट्टकादंब या विषयात परका नाही. धरणाचं पाणी ओसरलं की उघड्या पडलेल्या ओल्या जमिनीत शेतकरी गाळपेर करतात. हरभऱ्याचा आणि गव्हाचा कोवळा पाला हंसांना फार आवडतो. रात्री शेतात चरायचं, दिवसा भर पाण्यात जाऊन बसायचं. पक्षीमित्र दुर्बीण घेऊन काठावर येतात आणि गाळपेरवाला काठी घेऊन. दोघांचंही आपापल्या जागी खरं आहे.

आता मांस. जिवंत पक्षी दोन-तीन किलोंचा. पिसं, आतडी, डोकं, पाय गेले की हाती बरंच कमी उरतं. पण वजनापेक्षा रंगच पहिल्यांदा चकवतो. कोंबडीची छाती पांढरी असते, कारण ती उडत नाही. हंसाची छाती यकृतासारखी काळपट लाल. तासन्‌तास पंख मारणाऱ्या स्नायूला सतत प्राणवायू लागतो, तो साठवणारं मायोग्लोबिन त्यात ठासून भरलेलं असतं. पट्टकादंबाच्या स्नायूंत तर रक्तवाहिन्यांचं जाळंही जास्त दाट आणि त्याचं हिमोग्लोबिन विरळ हवेतला प्राणवायू इतर हंसांपेक्षा घट्ट धरतं. हिमालय ओलांडायला हे उत्तम. चावायला नाही. चव कोंबडीपेक्षा मटणाकडे झुकणारी, मागे लोखंडाची छटा. चरणारा पक्षी असल्यामुळे मासळीचा वास मात्र कमी. तो वास किडे, शिंपले, मासे खाणाऱ्या बदकांत येतो.

जिथे रानहंस कायद्याने मारता येतो आणि खाल्ला जातो, त्या देशांतले अनुभवी लोक एकाच पक्ष्याचे दोन पक्षी समजून रांधतात. छातीचे तुकडे कातडीसकट तापल्या तव्यावर थोडाच वेळ परतायचे, आत गुलाबी ठेवायचे. तंगड्या दोन-तीन तास रश्शात मंद शिजवायच्या. दोन्ही भांडी एकच केली की छातीचं कातडं होतं आणि तंगडी कच्ची राहते. कोवळा पक्षी आणि म्हातारा पक्षी यांत तर जमीन-अस्मानाचा फरक. हंस वीस-वीस वर्षं जगू शकतो आणि छर्रा वय विचारून लागत नाही. आतून गुलाबी मांस आपल्या पंगतीत कुणी खाणार नाही, हे वेगळंच. त्यात अमेरिकेचं शेतीखातं कुठलाही पक्षी ७४ अंश सेल्सियसपर्यंत शिजवायला सांगतं. म्हणजे शास्त्र आणि आपली सवय एका बाजूला, शिकाऱ्याची जीभ दुसऱ्या बाजूला.

युरोपात शिकार केलेला पक्षी पिसांसकट चार-सहा दिवस थंड खोलीत टांगून ठेवत. मांसातली नैसर्गिक विकरं त्याला मऊ करतात. दख्खनच्या उन्हात हे करायला गेलं तर मऊ होण्याआधी सडेल. त्यामुळे इथल्या खानसाम्यांनी वेगळी वाट काढली. कच्ची पपई सालीसकट वाटून लावायची, तिच्यातलं पपेन तेच काम तासा-दोन तासांत करतं. तेही बेतानेच, कारण पपेन आतवर शिरत नाही. जास्त वेळ ठेवलं की वरचा थर लगदा आणि आतलं मांस होतं तसंच. मग आलं-लसूण, दही, चिंच किंवा अंबाडीसारखं काही आंबट, खडा मसाला मलमलच्या पोटलीत, झाकणाला कणकेची पट्टी आणि वर-खाली निखारे. शेवटी कोळशावर तूप टाकून धुंगार. हैदराबादच्या मांसाहारी रांधपाचा हा सांगाडा हंसासाठी उभा राहिलेला नाही. तो बकऱ्यासाठी आणि घट्ट मांसाच्या गावरान कोंबडीसाठी. रानपक्षी घरात आला तर त्याच सांगाड्यात बसवला जाई. सालनाची आठवण अडखळते ती याच कारणाने. हंसाची म्हणून वेगळी कृती असायला तो पुन्हा पुन्हा चुलीवर यायला हवा होता.

तो का येत नव्हता, हे पक्ष्याच्या दिनक्रमावरूनच कळतं. वर्षातले चारेक महिने मुक्काम, तोही मोजक्या मोठ्या पाण्यांवर. दिवसा भर पाण्यात बसणारा, पहाऱ्याला कायम एखादी मान वर. त्याला गाठायचं तर बंदूक हवी, बहुधा नाव हवी, काडतुसांचा खर्च हवा. तितर, लाव्हा, भाटतितर यांचं तसं नाही. ते बाराही महिने माळावर, फासात आणि जाळ्यात येणारे. मराठवाडा-विदर्भात फासेपारधी पाळलेला तितर पिंजऱ्यात घेऊन जात. तो ओरडला की रानातला तितर भांडायला धावून येई आणि फासात पाय अडके. बाजारात आणि घराघरांत पोचलेला रानपक्षी हा असा. दख्खनी खाण्यात ‘तितर-बटेर’ ही जोडी जिभेवर बसली त्याचं कारण हेच. जाता जाता एक सांगायला हवं. पोटासाठी लाव्हे धरणाऱ्या या लोकांवर १८७१पासूनच्या कायद्यांनी जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का बसला, तो कागदोपत्री १९५२ साली पुसला गेला. त्याच काळात शेकड्यांनी पक्षी पाडणाऱ्यांचे फोटो दिवाणखान्यात लागत होते.

जुन्या ग्रंथांत हंस खाण्याबद्दल काय आहे? अपेक्षेपेक्षा जास्त आहे, आणि एकसारखं मुळीच नाही. सुश्रुतसंहितेत हंस पोहणाऱ्या पक्ष्यांच्या वर्गात येतो. त्याचं मांस जड, उष्ण, स्निग्ध, बळ देणारं आणि वात घालवणारं असं सांगितलंय. म्हणजे वैद्याला तो खाद्य म्हणून ठाऊक होता. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात मात्र हंस, चक्रवाक, सारस यांना निषिद्ध पक्ष्यांच्या यादीत टाकलंय. गंमत अशी, की त्याच श्लोकात गावकोंबडाही निषिद्ध आहे. कोंबड्याच्या बाबतीत आपण मनूला कधीच निवृत्त केलं, हंसाच्या बाबतीत आज्ञाधारक राहिलो. यात धर्मापेक्षा उपलब्धतेचा हात मोठा असावा.

हैदराबादला जवळचा पुरावा म्हणजे मानसोल्लास. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात, ११३०च्या आसपास हा ग्रंथ रचला. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, तेही १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत श्रीगोंदेकरांनी त्याचं संपादन केलं. त्यातल्या अन्नभोगाच्या प्रकरणात डुक्कर, बोकड, मासे, कासव इतकंच काय, भाजलेले उंदीरही आहेत, आणि कृती नुसत्या नावापुरत्या नाहीत, हात धरून शिकवल्यासारख्या आहेत. ससाण्याकरवी पक्षी मारण्याचा खेळ दुसरीकडे, विनोदांच्या प्रकरणात येतो. राजाने पक्ष्यांची शिकार करमणुकीत टाकली आणि स्वयंपाक उपभोगात. ही विभागणी मला बोलकी वाटते. पुढे आठशे वर्षं दख्खनमध्ये ती तशीच टिकली.

आणि नळराजा? मराठी माणसाला हंस भेटतो तो बहुधा रघुनाथ पंडितांच्या दमयंती-स्वयंवरातून. नळाच्या हाती सापडलेला हंस म्हाताऱ्या आईची आणि पिल्लांची आठवण काढून सुटका मागतो, राजाला दया येते. पुढचा प्रसंग आपण सहसा विसरतो. महाभारतात द्यूतात सगळं गमावून रानात उपाशी फिरणाऱ्या नळाला पक्षी दिसतात, आज यांचंच जेवण करू म्हणून तो अंगावरचं वस्त्र त्यांच्यावर टाकतो आणि पक्षी वस्त्रासकट उडून जातात. राजवाड्यात दया आणि उपासमारीत भूक. शिकारीवरच्या आजच्या वादातल्या दोन्ही बाजू एकाच कथेत येऊन गेल्यात.

इंग्रज आले तेव्हा हंस ‘गेम’ झाला. ह्यूम आणि मार्शल यांनी १८७९ ते १८८१ या काळात भारत, ब्रह्मदेश आणि सिलोनच्या शिकारी पक्ष्यांवर तीन खंड काढले. हे ह्यूम म्हणजे पुढे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे तेच. संस्थानांत शिकार ही पाहुणचाराची भाषा होती. हैदराबादेत सहावे निजाम महबूब अली खान वाघांच्या शिकारीसाठी प्रसिद्ध, आणि लाला दीनदयाळांनी त्या मोहिमांचे फोटो काढून ठेवलेले. पाणपक्ष्यांच्या शिकारीचा कळस मात्र भरतपूरला. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीत एकोणचाळीस बंदुकांनी एका दिवसात ४,२७३ पक्षी पाडले. दगडावर कोरलेला हा आकडा आजही तिथे वाचता येतो. एवढ्या पक्ष्यांचं जेवण कुणाच्या पोटात मावणार? शिकार आणि स्वयंपाक यांचा संबंध इतका पातळ झाला की उरला फक्त आकडा. त्याच दशकात, १९३१-३२ साली, सलीम अलींनी हैदराबाद राज्यातल्या पक्ष्यांची पाहणी केली. तेव्हा नमुना म्हणून पक्षी पाडल्याशिवाय अभ्यास होत नसे. पण त्या पाहणीने संस्थानातल्या पक्ष्यांची पहिली पद्धतशीर नोंद हाती दिली, हे तिचं मोल.

कायद्याबद्दल अजून गैरसमज आहेत, म्हणून इथे थोडं थांबतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२चा. सुरुवातीला परवाना काढून काही पक्षी मारता येत. १९९१च्या दुरुस्तीने ती दारं बंद केली. २०२२च्या दुरुस्तीने सहाच्या चार अनुसूची झाल्या आणि दंड वाढला. सर्वसाधारण गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि विशेष संरक्षित प्राण्यांसाठी त्याहून कडक. ‘मी मारला नाही, मी फक्त खाल्ला’ ही पळवाट नाही. मांस बाळगणं आणि विकत घेणंही गुन्ह्यात येतं. ४४व्या कलमात तर पैसे घेऊन खाद्य देणाऱ्या जागी असं मांस शिजवणं किंवा वाढणं याचा स्वतंत्र उल्लेख आहे. शहराबाहेरच्या फार्महाऊसवर ‘शिकारी थाळी’च्या नावाखाली जे काही कानावर येतं, ते खरं असेल तर सरळ गुन्हा, आणि खोटं असेल, म्हणजे पाळीव बदक रानहंस म्हणून खपवलेलं असेल, तर गिऱ्हाइकाची फसवणूक. आचारी दोन्हीकडून अडकतो.

शिजवल्यावर ओळखणार कोण, असं वाटत असेल तर या प्रश्नाचं उत्तर हैदराबादेतच आहे. कोशिकीय व आण्विक जीवविज्ञान केंद्र, म्हणजे सीसीएमबी, त्याची अत्तापूरला ‘लाकोन्स’ ही धोक्यातल्या प्राण्यांवर काम करणारी प्रयोगशाळा आहे. देशभरातून वनखाती जप्त केलेलं मांस, हाडं, कातडी तिथे पाठवतात. लालजी सिंह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या शतकाच्या सुरुवातीला अशी एक पद्धत बसवली की नमुना कुठल्या प्राण्याचा आहे याचा अंदाजही आधी असावा लागत नाही. पेशीतल्या मायटोकाँड्रियामध्ये सायटोक्रोम-बी नावाचं जनुक असतं. त्याच्या काही जागा जवळजवळ सगळ्या पृष्ठवंशीय प्राण्यांत सारख्या आणि मधला तुकडा प्रत्येक जातीत वेगळा. सारख्या जागा पकडून मधला तुकडा वाढवायचा, वाचायचा, माहितीसाठ्याशी ताडून पाहायचा. शिजवल्याने डीएनए तुटतो हे खरं, पण पेशीत मायटोकाँड्रियाच्या प्रती शेकड्यांनी असतात आणि हवा असतो छोटासाच तुकडा. त्यामुळे हळद-तिखटात शिजलेला घासही बोलतो. राजस्थानातल्या १९९८च्या गाजलेल्या काळवीट प्रकरणातले अवशेष तपासायलाही हैदराबादच्याच डीएनए केंद्रात आले होते. ज्या शहरात शिकारीच्या पंगती झाल्या, त्याच शहरात आता पातेल्यातलं मांस ओळखलं जातं.

बाहेरच्या जगात रानहंस सर्रास खातात, असं म्हणून काहीजण आपला कायदा भाबडा ठरवतात. तिथला तपशील बघितला की हा युक्तिवाद लंगडा पडतो. अमेरिकेत परवाना, हंगाम आणि दिवसाची मर्यादा पाळून हंस मारता येतो, पण त्याचं मांस विकता येत नाही. १९१८च्या स्थलांतरित पक्षी कायद्यापासून हेच. शिकारी शेजाऱ्याला देऊ शकतो, दुकानदार फळीवर मांडू शकत नाही. ब्रिटनमध्येही १९८१च्या कायद्याने रानहंसाची विक्री बंद आहे. बाजार उघडला की पक्षी संपतो, हा धडा तिकडे महागात शिकून झालाय. अब्जावधींनी असलेलं प्रवासी कबूतर बाजारासाठी मारलं गेलं, शेवटची मादी १९१४ साली पिंजऱ्यात मेली. उलट बर्फहंस तिकडे इतके वाढले की टुंड्रातली गवताळ जमीन उखडू लागले, म्हणून १९९९पासून शिकारीच्या अटी मुद्दाम सैल केल्या. पट्टकादंबाची जगातली संख्या लाखाच्या आसपास धरली जाते. या दोन पक्ष्यांना एकच न्याय लावता येणार नाही. टोरांटो किंवा न्यू जर्सीच्या बागेत हंसांच्या विष्ठेतून वाट काढणाऱ्या मराठी कुटुंबाचा वैताग मी समजू शकतो, पण तो कॅनडा हंसाचा, आणि तोही तिथल्या कायद्यातच बसवून काढावा लागतो.

आरोग्याच्या बाजूचं थोडक्यात. छऱ्याच्या शिशाचे कण मांसात राहतात. अमेरिकेने पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाचे छर्रे १९९१ साली बंद केले, ते मात्र पडलेले छर्रे गिळून पक्ष्यांनाच विषबाधा होते म्हणून. आणि बर्ड फ्लू. २००५ साली चिंघाय सरोवरावर हजारो पाणपक्षी मेले, त्यांत पट्टकादंब मोठ्या संख्येने. जानेवारी २०२१मध्ये हिमाचलच्या पाँग धरणावर पुन्हा तेच, मेलेल्या हजारोंमध्ये बहुतेक हेच. भारतातल्या कोंबड्यांत बर्ड फ्लू पहिल्यांदा सापडला २००६च्या फेब्रुवारीत, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला. २०२१ला परभणीजवळच्या मुरुंब्यातही कोंबड्या मेल्या. नीट शिजवलेल्या मांसात विषाणू टिकत नाही. धोका असतो तो कापताना, सोलताना, पिसं उपटताना, म्हणजे खाणाऱ्यापेक्षा रांधणाऱ्याला. फार्महाऊसवर पिसं उपटणारा माणूस कोण असतो, हे सांगायला नको.

मग ती चव हवीच असेल तर? हैदराबादच्या हॉटेलांत मिळणारं बटेर आज पाळलेलं जपानी लाव्हं असतं. रानातल्या लाव्ह्याशी त्याचं नातं चुलत. चारमिनारजवळच्या मुर्गी चौकाच्या बाजारात कोंबड्या, असील, बदकं, टर्की यांच्यात कधीमधी पाळीव राजहंसही दिसतो. चोचीच्या मुळाशी गाठ असेल तर तो चिनी रानहंसाच्या वंशातला. हा वाढवणं, विकणं, खाणं कायदेशीर आहे. आसाम-बंगालमध्ये तो रीतसर खातात. वसई-मुंबईचे ईस्ट इंडियन लोक नाताळात बॉटल मसाला घालून बदकाचं मोयल करतात, ती कृती पाळीव हंसाला जशीच्या तशी चालते, वेळ तेवढा दीडपट द्यायचा. वर सांगितलेली पपई, पोटली आणि दम यांचा खरा उपयोगही इथेच. राजेंद्रनगरच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने वनराजा, ग्रामप्रिया अशा परसातल्या कोंबड्या गावोगाव पोचवल्या. परसातल्या हंसावर तसंच काम झालं तर गाळपेरवाल्यालाही दोन पैसे मिळतील. निदान पट्टकादंबाकडे बघताना त्याच्या मनात हरभऱ्याच्या नुकसानीबरोबर दुसरंही काही येईल.

तोपर्यंत कुणी हिवाळ्यात ‘खास तुमच्यासाठी काज आणलाय’ म्हणून आग्रह करायला लागलं तर जेवायला बसण्याआधी पक्ष्याचं डोकं दाखवायला सांगा. चोचीवर गाठ असली तर खुशाल हात धुवून बसा. डोक्यामागे दोन काळे पट्टे दिसले तर उठा, आणि वनखात्याला फोन करा.